गोवर आणि शरीराची पुसली जाणारी स्मृती

गोवर एकदा होऊन गेला की मूल काटक होते, ही समजूत फार चिवट आहे. तिचा अर्धा भाग खराही आहे, आणि तो प्रयोगशाळेविनाच सिद्ध झाला. १८४६ साली उत्तर अटलांटिकमधील फॅरो बेटांवर गोवराची साथ आली, तेव्हा सुमारे ७,८०० रहिवाशांपैकी जवळजवळ ६,००० जण आजारी पडले. परंतु १७८१ च्या साथीत ज्यांना गोवर झाला होता, त्या वृद्धांपैकी एकालाही तो पुन्हा झाल्याचे पीटर पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरला आढळले नाही. विषाणू म्हणजे काय हे कोणालाच ठाऊक नसताना, केवळ माणसांच्या नोंदींवरून, ६५ वर्षे टिकलेली प्रतिकारशक्ती अशी उजेडात आली.

उरलेला अर्धा भाग, म्हणजे मूल एकूणच काटक होते हा, मात्र खोटा आहे, आणि त्यामागची यंत्रणा विलक्षण आहे. पूर्वी होऊन गेलेल्या रोगांची ओळख आपल्या स्मृतिपेशी जपून ठेवतात. या पेशींच्या पृष्ठभागावर सीडी-१५० नावाचे प्रथिन असते, आणि गोवराचा विषाणू नेमका त्यालाच चिकटून आत शिरतो. बाधित पेशी मरतात; काही विषाणूमुळे, तर काही त्याच्यावर चाल करून आलेल्या शरीराच्याच मारक पेशींमुळे. त्यानंतर रक्तातील लिम्फोसाइटची, म्हणजे स्मृतिपेशी ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशींची, संख्या लवकरच पूर्ववत होते, म्हणून साध्या रक्ततपासणीत सारे आलबेल दिसते. प्रत्यक्षात भरपाईसाठी आलेल्या पेशींपैकी पुष्कळशा केवळ गोवर ओळखणाऱ्या असतात, आणि जुन्या ओळखी पुसल्या गेलेल्या असतात. ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ असे सांगणाऱ्या जाहिरातींना पेशींची संख्या आणि त्यांची स्मृती यांतला हा भेदच मान्य नसतो. त्यांच्या लेखी प्रतिकारशक्ती म्हणजे टाकीतले पाणी.

स्मृतीची ही हानी माकडांमध्ये दिसली होती; तिने माणसे खरोखर दगावतात का, हे पाहण्यासाठी पुन्हा लोकसंख्येकडेच वळावे लागले. इंग्लंड व वेल्स, अमेरिका आणि डेन्मार्क येथील नोंदींचे जे विश्लेषण २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात गोवराच्या साथीनंतर दोन-तीन वर्षे इतर संसर्गांमुळे होणारे बालमृत्यू वाढलेले दिसले. अर्थात असा सहसंबंध म्हणजे कारण नव्हे, कारण दाटीवाटी आणि कुपोषण हे गोवर व इतर संसर्ग या दोन्ही संकटांना सारखेच पोसतात. ही शंका पुष्कळ अंशी दूर केली ती २०१९ च्या एका अभ्यासाने. नेदरलँड्समधील लस न घेतलेल्या ७७ मुलांचे गोवरापूर्वीचे व नंतरचे रक्त त्यात तपासले गेले, आणि मुलांनी आपल्या प्रतिपिंडांच्या (अँटिबॉडींच्या) संचापैकी ११ ते ७३ टक्के भाग गमावल्याचे आढळले. गोवराची लस घेतलेल्या मुलांत अशी घट दिसली नाही.