दुर्बीण घेतलीत, आता सोबती जमवा

आमच्याकडून ८×४२ दुर्बीण नेलेलं गिऱ्हाईक दोन-तीन महिन्यांनी पट्टा बदलायला येतं आणि बोलता बोलता रडगाणं सुरू होतं: "ग्रुपवर तीनशे जण आहेत हो, पण रविवारी टी. एस. चाणक्यच्या पाणथळीवर आम्ही चौघंच!" पक्षी बघणारे असे बरेच गट नेरूळच्या आमच्या काउंटरवर भेटतात, म्हणून हे पत्रक.

व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपमध्ये १०२४ माणसं मावतात. मावतात म्हणून भरू नका. सुप्रभातची फुलं आणि फॉरवर्ड सुरू झाले की नवा माणूस ग्रुप म्यूट करतो, मग फेरीचा निरोपही त्याला दिसत नाही. त्यापेक्षा व्हॉट्सॲपवरच कम्युनिटी करा, म्हणजे अनेक ग्रुप एका छत्राखाली. तिच्या सूचनांच्या ग्रुपमध्ये फक्त ॲडमिन लिहितात आणि सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, त्यामुळे अनोळखी लोकांत यायला बिचकणाऱ्यांची निम्मी काळजी मिटते. गप्पांचा ग्रुप वेगळा ठेवा. तिथे काय वाटेल ते चालू द्या.

खरी मेख निरोपात असते. "उद्या ७ वाजता फ्लेमिंगो" एवढ्यावर कोणी अंथरूण सोडत नाही. शिवाय आपल्याकडे घड्याळापेक्षा भरती महत्त्वाची. खाडीतला चिखल पाण्याखाली गेला की पक्षी आतल्या पाणथळींवर येतात, आणि भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. तेव्हा भरतीचं कोष्टक बघून असं लिहा: "रविवार, पावणेसात, नेरूळ स्टेशनची तिकीट खिडकी. भरती साडेआठच्या सुमारास. दोन तासांत परत. दुर्बीण नसेल तरी या, दोन जादा आहेत. मुलं चालतील. टोपी, पाणी." 'दुर्बीण नसेल तरी या' हे आमच्या धंद्याला बरं नाही, पण माणसं त्याच वाक्यावर येतात. हाच निरोप सोसायट्यांच्या ग्रुपवरही टाका.

इन्स्टाग्रामवर ६०० एमएमच्या लेन्सने काढलेले फोटोच टाकलेत तर नवख्याला वाटतं, हे आपलं काम नव्हे. दुर्बिणीला डोळा लावलेली आजी, चिखलाने भरलेले बूट असलंही टाका, अर्थात परवानगी घेऊन. फोटोखाली मराठी नावं लिहा: शेकाट्या, तुतवार, वंचक. फेरी झाली की ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवायच्या संकेतस्थळावर, दिसलेल्या पक्ष्यांची यादी भरून ती सोबत आलेल्यांना शेअर करा. आपल्या खात्यावर पहिली यादी दिसली की माणूस पुढच्या रविवारी विचारायच्या आत हजर असतो.

घरट्याची जागा मात्र कधीही टाकू नका. आम्हीच एकदा पिंगळ्याच्या ढोलीचा फोटो लोकेशनसकट टाकला होता. पुढच्या रविवारी झाडाखाली मोबाइल वर धरून ही गर्दी! पोस्ट काढली, पण तोवर ती कुठल्या कुठे गेली होती. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येत घरट्याला त्रास देणंही येतं, हे ॲडमिननी लक्षात ठेवावं.

फेरीसाठी दोन जादा दुर्बिणी आम्ही शनिवारी संध्याकाळी देतो, सोमवारी परत आणायच्या. भाडं नाही. फक्त भिंग शर्टाच्या टोकाने पुसू नका. आधी फुंकणीने धूळ उडवा, मग सोबतचं कापड फिरवा.