करवतीचे दात लहान-मोठे का आहेत? : कार्यशाळेत विणलेल्या साड्यांविषयी ग्राहकांसाठी माहिती

आपण पाहत असलेली साडी भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील आमच्या मागावर, फाल्गुनात भरलेल्या कार्यशाळेत ठरलेल्या नक्षीनुसार विणलेली आहे. या कार्यशाळेत करवतकाठी, म्हणजे करवतीच्या दातांसारखा काठ असलेली साडी, विणणारे आमचे जुने विणकर आणि नागपूरहून आलेले तरुण चित्रकार एकत्र बसले होते. साडी हाती घेताच बहुतेक ग्राहक काठावर बोट ठेवून विचारतात, की हे दात सारखे का नाहीत. म्हणून हे पत्रक छापले आहे.

करवतकाठी साडीचे अंग टसर रेशमाचे आणि काठ रंगीत सुताचा असतो. टसरचे किडे भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात ऐन व अर्जुनाच्या झाडांवर उघड्यावर वाढवले जातात, त्यामुळे धाग्याला मूळचाच मधासारखा रंग असतो आणि एका कोषाचा रंग दुसऱ्याशी तंतोतंत जुळत नाही. विणताना तीन धोटे, म्हणजे आडवा धागा या काठापासून त्या काठाकडे नेणारी साधने, चालतात. एक अंगाचे रेशीम नेतो, उरलेले दोन दोन्ही काठांचे सूत नेतात. जिथे रेशीम आणि सूत भेटतात तिथे प्रत्येक फेरीत एक धागा दुसऱ्यात अडकवून परत फिरवावा लागतो. ही भेटीची जागा ठरावीक धागे पुढे आणि तितकेच मागे सरकवत नेली, की करवतीसारखे दात उमटतात. धोटा हाताने फेकायचा आणि गुंतवण हातानेच घालायची, म्हणून हे काम सावकाश होते.

कार्यशाळेत पहिला पेच इथेच आला. एका चित्रकाराने वैनगंगेच्या काठाचे वळण कागदावर एका ओघात काढून आणले होते. आमच्या ज्येष्ठ विणकरांनी ते पाहून सांगितले, की माग गोलाई ओळखत नाही, त्याला फक्त पायऱ्या कळतात. चित्रकार दोन दिवस मागाशेजारी बसून धागे मोजत राहिले, मग चौकटीच्या कागदावर तेच वळण पुन्हा काढले : कुठे दोन धाग्यांची पायरी, कुठे सातांची. आता हरकत विणकरांची होती. दात चुकवणे म्हणजे हात चुकणे, असेच ते आयुष्यभर मानत आले होते. मुद्दाम विषम विणायला ते एका नमुन्यापुरतेच तयार झाले. तो नमुना उजेडात धरल्यावर पुढचे काठ त्यांनी स्वतःच सुचवले, आणि खरे सांगायचे तर त्यांतले दोन चित्रकारांच्या काठांपेक्षा सरस उतरले आहेत.

तेव्हा हेतू कोणता आणि दोष कोणता, हे आपण असे ओळखावे. साडीच्या दोन्ही काठांवर एकाच ओळीत दात सारखेच लहान-मोठे होत असतील, तर ती नक्षी आहे. एकाच काठावर फरक दिसत असेल, किंवा साडी उजेडात धरल्यावर काठ आणि अंग यांच्या मधे फट दिसत असेल, तर गुंतवण सुटलेली आहे. अशी साडी आम्ही विनातक्रार बदलून देतो.

काही साड्यांचा पिवळा रंग पळसाच्या फुलांचा आहे. तुरटीवर चढवलेला हा रंग मोहक असला, तरी उन्हात टिकत नाही, हे घेण्यापूर्वीच लक्षात घ्यावे. हिरडा आणि लोखंडाच्या गंजाचे पाणी यांतून आलेला काळा रंग त्या मानाने पक्का आहे. सूत आणि रेशीम पाण्यात सारखे आखडत नाहीत, म्हणून घरी भिजवल्यास काठ चुणतो. पहिली धुलाई ड्रायक्लीनिंगचीच करावी. इस्त्री उलट बाजूने, मध्यम तापावर फिरवावी. ठेवताना सुती कापडात गुंडाळावी आणि दोन-तीन महिन्यांनी घडी बदलावी.

किमतीविषयी विचारणा होते, म्हणून सांगतो. नेहमीच्या करवतकाठी साडीपेक्षा ही साडी महाग आहे, कारण विषम दातांना प्रत्येक फेरीत मोजणी लागते आणि विणकराला मजुरी दिवसांवर दिली जाते. पदराच्या आतल्या चिठ्ठीवर विणकर व चित्रकार दोघांची नावे असतात, आणि नक्षीचे मानधन दोघांना सारखे मिळते. स्वतःच्या पसंतीचा काठ हवा असल्यास मोजणीचा कागद नव्याने करावा लागतो. त्यासाठी निम्मी रक्कम आगाऊ घेतली जाते आणि ताणा, म्हणजे उभे धागे, मागावर चढल्यानंतर काठात बदल करता येत नाही.