‘सगळं करून पाह्यलं’ म्हणता, पण डोळ्यांनी काय पाहिलं?

मोटरपंप पाणी उचलत नसला की मिस्त्री म्हणतो, “सगळं करून पाह्यलं.” तुरीवरची अळी हटत नसली की शेतकरी तेच म्हणतो. आणि हरभऱ्याच्या जागलीला गेलेला माझा भाचा फोनवरच्या कोड्यात अडकला की तोही, “मामा, सगळं करून पाह्यलं ना मी. हे होतच नाही!” पंपाच्या आणि अळीच्या बाबतीत खरंखोटं करणं अवघड, कारण तिथे ‘सगळं’ म्हणजे किती हे कोणालाच ठाऊक नसतं. कोड्याच्या खेळात मात्र ते मोजता येतं. मोजलं की कळतं, सगळं करून पाहिलेला माणूस अजून तरी कोणी भेटलेला नाही.

भाचा खेळतो तो सोकोबान. जपानच्या हिरोयुकी इमाबायाशी यांनी हा खेळ १९८१ साली रचला आणि पुढच्या वर्षी तो बाजारात आला. एक गोदाम, एक हमाल, काही पेट्या आणि पेट्या ठेवायच्या ठरलेल्या जागा. हमालाला पेटी ढकलता येते, ओढता येत नाही. एका वेळी एकच पेटी. बस, एवढाच नियम. पण ओढता येत नाही म्हणजे कोपऱ्यात गेलेली पेटी कायमची गेली. ती चूक तिसऱ्या चालीला झालेली असते, आणि खेळणारा तिसाव्या चालीपर्यंत घाम गाळत असतो.

आता मोजू. गोदामात वीस मोकळे चौकोन आणि चार पेट्या आहेत असं धरा. वीसपैकी चार जागा निवडण्याच्या रीती ४,८४५. उरलेल्या सोळापैकी कुठल्याही चौकोनात हमाल उभा राहू शकतो, म्हणजे एकूण ७७,५२० स्थिती. त्यातल्या बऱ्याच कामाच्या नसतील, तरी राहतात त्या काही थोड्या नाहीत. भाच्याने त्यातल्या फार तर शंभर-दोनशे पाहिल्या असतील, आणि त्याही पुन्हापुन्हा त्याच.

गोदाम मोठं होत गेलं तर काय होतं, याचं उत्तर कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाचे जोसेफ कल्बरसन यांनी १९९७ मध्ये दिलं. सोकोबान हे ‘पीस्पेस-पूर्ण’ वर्गातलं कोडं आहे, असं त्यांनी सिद्ध केलं. म्हणजे असं: संगणकाला वेळ कितीही द्या, पण स्मृती मात्र कोड्याच्या आकाराच्या एखाद्या ठरावीक घातापुरतीच वाढू द्या. एवढ्यात जे जे प्रश्न सुटतात, त्यातला प्रत्येक प्रश्न सोकोबानच्या एखाद्या गोदामाच्या रूपात मांडता येतो. मर्यादित फितीचं ट्युरिंग यंत्र, म्हणजे संगणकाचं कागदावरचं साधं गणिती रूप, जे टप्पे घेतं, तेच टप्पे पेट्या ढकलून घडवता येतील अशी गोदामं कल्बरसन यांनी रचून दाखवली. त्यामुळे गोदामाच्या मानाने चालींची संख्या घातांकी वेगाने फुगू शकते. हा परिच्छेद ज्यांच्या डोक्यावरून गेला त्यांनी तो खुशाल सोडावा, पुढचं काही अडत नाही.

कारण गंमत अशी की भाचा अडकला होता ते गोदाम चिमुकलं होतं. ७७,५२० स्थिती साधा संगणक डोळ्याची पापणी लवेपर्यंत तपासून मोकळा होतो. माणूस अडकतो तो संख्येमुळे नाही. तो का अडकतो हे पाहायला दोन सोपी गणितं करू.

तुमच्याकडे २१, १२७ आणि ३ मापांची तीन भांडी आहेत आणि १०० मापं पाणी मोजून हवं आहे. मोठं भांडं भरा, त्यातून एकदा २१ काढा, दोनदा ३ काढा. झाले शंभर. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ अब्राहम लुचिन्स यांनी अशी गणितं लोकांकडून ओळीने सोडवून घेतली आणि १९४२ मध्ये निष्कर्ष छापले. सगळ्या गणितांना हीच युक्ती लागू पडत होती. मग त्यांनी भांडी दिली २३, ४९ आणि ३ मापांची आणि मागितली २० मापं. जुनी युक्ती इथेही चालते: ४९ मधून २३ काढा, मग दोनदा ३. बहुतेकांनी तेच केलं. २३ मधून ३ काढले की झालं, हे त्यांना दिसलंच नाही. पुढे २८, ७६ आणि ३ मधून २५ मागितले. आता जुनी युक्ती चालत नाही, उत्तर मात्र २८ वजा ३ इतकं सोपं. तरी कित्येक जण तिथे अडले. ज्यांना आधीची गणितं दिलीच नव्हती, त्यांनी ते चटकन सोडवलं.

काळ्या मातीत पहिल्या पावसानंतर बंडी गेली की चाकोरी पडते. पुढची प्रत्येक बंडी त्याच चाकोरीत उतरते आणि ती आणखी खोल करते. डोक्याचं तसंच होतं, असं म्हणून मोकळं होता येतं. पण ‘डोक्याचं तसंच होतं’ हे काही विज्ञान नव्हे. डोक्यात नेमकं काय होतं हे पुढे ऑक्सफर्डमधल्या एका प्रयोगाने दाखवलं, आणि तो माझ्या अत्यंत आवडीचा आहे.

नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकल्यापासून आमच्याकडे पानठेल्यावरसुद्धा बुद्धिबळाच्या गोष्टी निघतात, तेव्हा हे समजावणं सोपं झालंय. मेरिम बिलालिच, पीटर मॅक्लिओड आणि फर्नांड गोबे यांनी २००८ मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध केला. मुरलेल्या खेळाडूंना एक डाव दिला आणि सर्वांत कमी चालींत मात करायला सांगितलं. डावात एक प्रसिद्ध मात होती: वजिराचा बळी द्यायचा आणि स्वतःच्याच मोहऱ्यांनी कोंडलेल्या राजाला घोड्याने मारायचं. पाच चालींची. प्रत्येक चांगला खेळाडू ती ओळखतो. त्याच डावात तीन चालींची एक साधी मातही होती, पण ती अशी नावाजलेली नाही. खेळाडूंना पाच चालींची मात लगेच दिसली. मग ते म्हणाले, आता आम्ही याहून छोटी शोधतो आहोत. शोधून थकले आणि म्हणाले, नाही, दुसरी नाहीच. आपल्या भाषेत, सगळं करून पाह्यलं.

पण प्रयोग करणाऱ्यांनी त्यांच्या डोळ्यांवर कॅमेरा लावला होता. बुबुळावर अवरक्त प्रकाशाचा बारीक ठिपका पडतो, त्यावरून नजर पटावरच्या कुठल्या घरावर आहे हे क्षणाक्षणाला टिपता येतं. खेळाडू तोंडाने ‘दुसरी मात शोधतोय’ म्हणत होते आणि त्यांची नजर फिरूनफिरून त्या ओळखीच्या पाच चालींच्याच घरांवर जात होती. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना मनापासून वाटत होतं की आपण सगळा पट चाळतो आहोत.

हे असं होऊ शकतं, कारण आपण सगळा पट कधीच पाहत नाही. डोळ्याच्या पडद्यावर स्पष्ट दिसणारा भाग अगदी छोटा असतो. हात लांब करून अंगठ्याचं नख पाहा. साधारण तेवढाच, दोन अंशांचा तुकडा नीट दिसतो, बाकी सगळं धूसर. फोन पस्तीस सेंटिमीटरवर धरला तर हा तुकडा पडद्यावर जेमतेम सव्वा सेंटिमीटरचा भरतो. बाकीचं चित्र डोळा उड्या मारून गोळा करतो, सेकंदाला साधारण तीन उड्या. उडी चालू असताना दिसणं दबलेलं असतं, म्हणूनच आरशात स्वतःच्या डोळ्यांची उडी आपल्याला कधी दिसत नाही. आणि पुढची उडी कुठे मारायची? ते बरंचसं डोक्यात आधीच बसलेल्या कल्पनेवरून ठरतं. पहिली कल्पना नजरेला आपल्याकडे ओढते, नजर तिच्याच बाजूची माहिती आणते, त्या माहितीने कल्पना आणखी पक्की होते आणि पुढची उडी पुन्हा तिथेच पडते. अडकणं म्हणतात ते हे चक्र. माणूस कमी विचार करत असतो म्हणून अडकतो असं नाही. तो एकाच गोष्टीचा भरपूर विचार करत असतो, आणि जोर लावला की चक्र आणखी जोरात फिरतं.

याच प्रयोगातली पुढची पायरी जास्त महत्त्वाची आहे. पटावर थोडासा बदल करून पाच चालींची मात अशक्य केली, तेव्हा त्याच तोडीच्या खेळाडूंना तीन चालींची मात सापडली. अक्कल कमी पडत नव्हती, ओळखीचं उत्तर वाटेत बसलं होतं.

डोळ्यांच्या या उड्या नेमून देण्यात मध्यमेंदूचा मोठा वाटा असतो. हे मुद्दाम सांगतो, कारण तालुक्याच्या एस.टी. स्टँडजवळ अधूनमधून ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’चे फलक लागतात. मुलाचा मध्यमेंदू जागा करू, मग पोट्टं डोळ्याला पट्टी बांधून वाचेल. बाप्पा, मध्यमेंदू झोपलेला असता तर पोरगं फलक वाचायला डोळेसुद्धा फिरवू शकलं नसतं! पट्टी बांधून वाचणाऱ्या पोरांचं गुपित नाक आणि पट्टी यांच्यामधल्या फटीत असतं. फट नीट बुजवली की वाचन थांबतं. हीच गत ‘बुद्धी वाढवणाऱ्या’ ॲपची. २०१० मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत ११,४३० लोकांवरचा सहा आठवड्यांचा अभ्यास आला. सरावाच्या खेळात लोक सुधारले, पण त्याचा दुसऱ्या कुठल्या बौद्धिक कामाला फायदा झाल्याचं दिसलं नाही. कोड्यांचे खेळ खेळावेत ते गंमत वाटते म्हणून.

मग अडकल्यावर करायचं काय? पहिलं उत्तर आमच्याकडे महावितरणच्या वेळापत्रकातच आहे. कृषिपंपाची लाईन रात्री आली की फोन खिशात घालून ओलिताला उठावं लागतं. दांड फोडायचा, पाणी एका सरीतून दुसरीत वळवायचं, चिखलातून पाय ओढायचा. तासाभराने परत येऊन पाहिलं तर कधीकधी उत्तर समोर उभं. शंभराहून अधिक प्रयोगांचा एकत्रित आढावा २००९ मध्ये निघाला, त्यातही अशा विश्रांतीचा फायदा दिसतो. यात दैवी काही नाही. एक सरळ स्पष्टीकरण असं की चुकीची कल्पना तेवढ्या वेळात विसरायला होते, आणि नजर मोकळी होऊन दुसरीकडे पडते. मात्र फोन ठेवून तुम्ही मनात तेच गोदाम फिरवत बसलात, तर ती विश्रांती नव्हे.

झोपेचंही तसंच. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात क्रिस्टिन सँडर्स आणि सहकाऱ्यांनी लोकांना संध्याकाळी कोडी घातली. प्रत्येक कोड्यासोबत एक वेगळी धून. न सुटलेल्या कोड्यांपैकी निम्म्यांच्या धुना त्या लोकांच्या झोपेत हळू आवाजात वाजवल्या. सकाळी त्या कोड्यांपैकी सुमारे ३२ टक्के सुटली, ज्यांच्या धुना वाजल्या नव्हत्या त्यांतली सुमारे २१ टक्के. आता यावरून ‘रात्री ऐकत झोपा आणि नापास व्हायचं विसरा’ असली कॅसेटछाप जाहिरात कोणी करू नये. आधी कोड्यात डोकं घालून अडकलेलं असणं ही यातली अट आहे.

अडकल्यावर सगळ्यात जास्त जाच होतो तो ‘आपण पुढे सरकतच नाही’ या भावनेचा. जॅनेट मेटकाफ आणि डेव्हिड वीबी यांनी १९८७ मध्ये लोकांना कोडी सोडवताना दर पंधरा सेकंदांनी विचारलं, उत्तराच्या किती जवळ आलात? बीजगणितात ही जवळीक हळूहळू वाढत गेली. युक्तीच्या कोड्यांत ती शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहिली आणि उत्तर एकदम आलं. म्हणजे अशा कोड्यात काहीच जमत नाहीये असं वाटणं, यावरून उत्तर दूर आहे की पुढच्या मिनिटाला येणार आहे, हे कळत नाही.

सोकोबानपुरती एक खास तोड आहे, ती म्हणजे उलटं खेळणं. पेट्या ठरलेल्या जागी बसल्या आहेत असं समजा आणि त्या तिथून ओढत मागे आणा. ओढता येत नाही हा नियम उलट दिशेत ढकलता येत नाही असा होतो, आणि सगळ्यात शेवटी कुठली पेटी बसवावी लागणार हे लख्ख दिसतं. ओळखीची चालच वापरता येत नाही, म्हणून नजरही नव्या ठिकाणी जाते. फिनलंडच्या आर्वी तेइकारी यांचा २०१९ सालचा ‘बाबा इज यू’ तर याच्याही पुढचा. त्यात नियमच शब्दांच्या ठोकळ्यांनी पटावर मांडलेले असतात. ‘भिंत म्हणजे अडथळा’ या अर्थाच्या वाक्यातला एक ठोकळा ढकलून बाजूला केला की भिंतीतून आरपार जाता येतं. भिंत ही भिंतच असणार, हे आपण न विचारता धरून चाललेलो असतो. तिथेच अडकतो.

यूट्यूबवर उत्तर पाहावं का? पाहा, गुन्हा नाही. पण कोणाला इशारा द्यायची वेळ आली तर बुद्धिबळाचा प्रयोग आठवा: उत्तर सांगू नका, चुकीची वाट तेवढी बंद करा. “डावीकडच्या पेटीचा नाद सोड” एवढं बहुतेक वेळा पुरतं. मी ते केलं तर भाचा उलट भडकला, “मंग हे काऊन नाही सांगितलं आधी?”

राहता राहिली खरोखर न सुटणारी कोडी. जत्रेत पंधरा आकड्यांची सरकपाटी मिळते, एका मोकळ्या घरातून आकडे सरकवत क्रमाने लावायची. तिच्या निम्म्या मांडण्या कितीही सरकवा, क्रमात येत नाहीत, हे १८७९ मध्येच गणिताने सिद्ध झालं. तरी १८८० मध्ये अमेरिकेत लोक १४ आणि १५ ची अदलाबदल करायला वेड्यासारखे झटत होते. पोरांनी आकडे उचकटून काढून वाटेल तसे परत बसवले असतील, तर पाटी सुटण्याची शक्यता बरोबर निम्मी. चांगला खेळ रचणारा प्रत्येक पातळी स्वतः सोडवून मगच देतो. फुकटच्या, जाहिरातींनी भरलेल्या ॲपबद्दल तशी खात्री देता येत नाही. विश्रांती झाली, झोप झाली, उलटं खेळून झालं, आणि तरी पातळी सुटत नसेल तर एकदा ती पातळीच तपासावी. पेट्या जास्त आणि जागा कमी, असंही निघतं. तसं निघालं तर ॲप काढून टाकावं, फोनमध्ये जागा तेवढीच मोकळी होते.