एंडोमेट्रिओसिस आणि शरीरसंबंधांतील वेदना

गर्भाशयाच्या आतील अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर, म्हणजे बीजकोशांवर, ओटीपोटातील आवरणावर किंवा गर्भाशय आणि गुदाशय यांच्यामधील खोलगट जागेत वाढू लागल्या की त्या विकाराला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के, म्हणजे जवळपास १९ कोटी स्त्रिया आणि मुली या विकाराने ग्रस्त आहेत. पाळीच्या दुखण्याबद्दल निदान घरातल्या बायकांत तरी बोलले जाते. समागमाच्या वेळच्या वेदनेचा विषय मात्र दवाखान्यातही क्वचितच निघतो.

ही वेदना नेमकी कुठे उद्भवते हे कळले, तर उपायांची दिशाही कळते. गर्भाशयाला मागून आधार देणाऱ्या अस्थिबंधांवर गाठी झाल्या किंवा आसपासचे अवयव एकमेकांना चिकटले, की गर्भाशयाची सहज हालचाल थांबते आणि खोलवर दाब पडताच कळ येते. पण प्रकरण इथेच संपत नाही. महिनोन्‌महिने दुखत राहिल्याने ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आपोआप आवळून राहू लागतात, आणि मग योनिमुखाशीच, प्रवेशाच्या वेळी, जळजळ व दुखणे सुरू होते. भरीस भर म्हणून मज्जासंस्थाही इतकी संवेदनशील होते की साधा स्पर्शही वेदनादायक वाटू शकतो. दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियेत गाठी काढल्यावर अनेकींचे खोलवरचे दुखणे कमी होते. काहींचे तरीही राहते, ते बहुधा या आवळलेल्या स्नायूंमुळे आणि संवेदनशील झालेल्या मज्जासंस्थेमुळे. त्याला ‘मनाचे खेळ’ म्हणणे अन्यायाचे आहे.

स्नायूंसाठी ओटीपोटाच्या तळाची फिजिओथेरपी उपयोगी पडते. इथे एक गफलत हमखास होते: प्रसूतीनंतर स्नायू बळकट करण्यासाठी शिकवले जाणारे आवळण्याचे व्यायाम आधीच आवळून राहिलेल्या स्नायूंचे दुखणे वाढवू शकतात. अशा वेळी आधी स्नायू सैल सोडायला, पोटाने सावकाश श्वास घ्यायला शिकावे लागते. हार्मोनच्या गोळ्यांनी पाळीच्या वेदना आटोक्यात येतात, परंतु काहींमध्ये योनिमार्गाचा कोरडेपणा वाढतो किंवा इच्छा मंदावते. तसे झाल्यास गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांशी बोलून बदलून घेता येते.

घरच्या घरीही बरेच करता येते. स्त्री वर असेल किंवा दोघे कुशीवर असतील, तर खोली आणि वेग यांवर तिचे नियंत्रण राहते. पुरुषाच्या लिंगाच्या मुळाशी घालायची मऊ कडी मिळतात, त्यांनी प्रवेशाची खोली मर्यादित होते. पाण्यावर आधारित वंगण वापरावे, कारण तेलकट पदार्थांनी लॅटेक्सचा निरोध फाटू शकतो. ज्या दिवसांत दुखणे वाढते, ते दिवस टाळावेत. मुख्य म्हणजे दात-ओठ खाऊन सहन करणे थांबवावे, कारण दर वेळी दुखले की पुढच्या वेळी स्पर्शाआधीच शरीर आक्रसते. प्रवेशाशिवायची जवळीक हीसुद्धा जवळीकच आहे, हे जोडीदारालाही पटलेले असले पाहिजे. गरज वाटल्यास दोघांनी मिळून समुपदेशकाकडे जावे.

आपल्याकडे अजूनही ‘एक मूल होऊ दे, सगळे ठीक होईल’ असा सल्ला सर्रास दिला जातो. गर्भारपण हा या विकारावरचा उपचार नाही. केवळ त्यासाठी मूल होऊ देण्याचा सल्ला देऊ नये, असे युरोपीय मार्गदर्शक तत्त्वेही स्पष्टपणे सांगतात. डॉक्टरांकडे जाताना दुखणे प्रवेशाशी होते की खोलवर, पाळीच्या कोणत्या दिवसांत वाढते आणि नंतर किती वेळ टिकते, एवढे टिपून नेले, तर तपासणी नेमकी होते.