इलेक्शन ड्युटी लागली : नियुक्ती आदेशापासून मानधनापर्यंत

निवडणूक जाहीर झाली की काही दिवसांतच शाळा, बँका, पंचायत समिती, पाटबंधारे अशा सगळ्या कार्यालयांत आदेशांचा गठ्ठा येऊन पडतो. आपलं नाव दिसलं की बहुतेकांच्या तोंडी एकच प्रश्न येतो : "रद्द कशी करायची?" खरं तर आधी दोन वेगळे प्रश्न विचारायला हवेत. त्या दिवशी माझं स्वतःचं मत मी कसं देणार, आणि माझ्या आदेशावर माझा खाते क्रमांक बरोबर आहे का? ड्युटी रद्द होते ती मोजक्यांचीच. बाकीचे तहसील कार्यालयात चकरा मारत राहतात आणि त्या गडबडीत नमुना 12 (टपाली मतपत्रिकेसाठीचा अर्ज) भरायचा राहून जातो. मग दिवसभर शेकडो लोकांच्या बोटाला शाई लावणारा माणूस स्वतः मत न देताच घरी परततो.

ही माहिती लोकसभा आणि विधानसभा निवडणुकांपुरती आहे. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, महापालिका यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. तिथले नियम आणि मानधनाचे आदेश वेगळे असतात, त्यामुळे दोन्हींची गल्लत करू नका.

ड्युटी कोणाला लागते

निवडणूक आयोगाकडे मतदान केंद्रांवर बसवायला स्वतःची फौज नसते. राज्यघटनेच्या अनुच्छेद 324(6) नुसार आयोगाने मागणी केली की राष्ट्रपती किंवा राज्यपालांनी लागणारे कर्मचारी उपलब्ध करून द्यायचे असतात. ते कुठून घ्यायचे हे लोकप्रतिनिधित्व अधिनियम 1951 चं कलम 159 सांगतं. सरकारी कर्मचारी तर आलेच. शिवाय स्थानिक स्वराज्य संस्था, कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठं, सरकारी कंपन्या आणि सरकारच्या नियंत्रणाखालच्या किंवा बऱ्याच अंशी सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थाही त्यात येतात. बँकांचे कर्मचारी पूर्वी या कलमाच्या कक्षेबाहेर आहेत, असं न्यायालयात ठरलं होतं. 1998 मध्ये कलमाची व्याप्ती वाढवली गेली, म्हणून आज बँकेतले अधिकारी केंद्राध्यक्ष किंवा सूक्ष्म निरीक्षक म्हणून सर्रास दिसतात.

"आम्हाला अशैक्षणिक कामं लावता येत नाहीत," असं शिक्षकांच्या बैठकीत हमखास कोणीतरी म्हणतं. शिक्षण हक्क कायदा 2009 चं कलम 27 पूर्ण वाचलं तर त्यातच तीन अपवाद आहेत : दहा वर्षांनी होणारी जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. मतदार यादीच्या कामाबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये शिक्षकांना थोडा दिलासा दिला. ते काम त्यांना सुट्टीच्या दिवशी आणि शाळेच्या वेळेबाहेर द्यावं, असा तो निर्णय आहे. मतदानाच्या ड्युटीला तो लागू करून वाद घालत बसू नका.

आदेश काढतो जिल्हा निवडणूक अधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारी. 1951 च्या अधिनियमाचं कलम 26 त्याच्यावर एक स्पष्ट बंधन घालतं : जो माणूस त्या निवडणुकीत उमेदवारासाठी काम करतो आहे, त्याला केंद्रावर नेमता येत नाही. तुमच्या घरातलं किंवा जवळच्या नात्यातलं कोणी उभं असेल तर गप्प बसू नका, लेखी कळवा. नंतर तक्रार झाली तर त्रास तुम्हालाच होतो.

एकदा नेमणूक झाली की कलम 28अ नुसार, निवडणुकीच्या अधिसूचनेपासून निकाल जाहीर होईपर्यंत तुम्ही आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर आहात असं मानलं जातं. म्हणून "आमच्याकडे मार्चअखेर आहे, सोडता येणार नाही" असं मुख्याध्यापकांनी किंवा शाखा व्यवस्थापकांनी म्हटलं तरी ते चालत नाही.

सरमिसळ म्हणजे काय

तुम्ही कुठल्या केंद्रावर जाणार हे शेवटपर्यंत कळत नाही, त्याचं कारण संगणकावर तीन टप्प्यांत होणारी सरमिसळ. पहिल्या टप्प्यात कोणाला ड्युटी आहे आणि कोणत्या पदावर, एवढंच ठरतं. दुसऱ्या टप्प्यात निरीक्षकांसमोर पथकं तयार होतात आणि विधानसभा मतदारसंघ कळतो. प्रत्यक्ष केंद्र तिसऱ्या टप्प्यात ठरतं, तेही साहित्य वाटपाच्या अगदी तोंडावर. "ओळखीने जवळचं केंद्र लावून घेतो" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. साधारणपणे तुम्ही राहता किंवा नोकरी करता तो विधानसभा मतदारसंघ टाळूनच नेमणूक होते. मत कोणत्या पद्धतीने द्यायचं हेही यावरच ठरतं, त्याकडे पुढे येतोच.

रद्द करायची असेल तर

रद्द होण्याची खरी कारणं थोडी आहेत. सहा महिन्यांत निवृत्त होणाऱ्यांना आयोगाच्या सूचनांनुसार ड्युटी देत नाहीत. प्रसूती रजेवर असलेल्या, गरोदरपणाच्या पुढच्या महिन्यांतल्या आणि वैद्यकीय सल्ल्यानुसार कष्टाचं काम करू न शकणाऱ्या महिलांनाही वगळलं जातं. गंभीर आजार, शस्त्रक्रिया, अपंगत्व यांचा विचार कागद पाहून होतो. पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर, वनखात्याचे क्षेत्रीय कर्मचारी अशा काही सेवाही आयोगाने बाजूला ठेवल्या आहेत. तरी यादीत त्यांची नावं चुकून येतात, कारण यादी आस्थापनेकडून जशी येते तशीच संगणकात भरली जाते.

अर्ज कार्यालय प्रमुखामार्फत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांच्या किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याच्या नावाने करायचा. सोबत नियुक्ती आदेशाची प्रत आणि कारणाचा पुरावा जोडायचा : निवृत्तीसाठी सेवापुस्तकातल्या जन्मतारखेच्या पानाची प्रत, आजारासाठी उपचाराचे कागद आणि वैद्यकीय प्रमाणपत्र, अपंगत्वासाठी त्याचं प्रमाणपत्र. दुसरा एखादा आदेश आधीच मिळाला असेल (एकाच माणसाला दोन ड्युट्या लागणं नवीन नाही) तर दोन्हींच्या प्रती लावायच्या. अर्जाची पोच घ्या. आणि रद्द झाल्याचा लेखी आदेश हातात पडेपर्यंत प्रशिक्षण चुकवू नका. "साहेबांनी होईल म्हणून सांगितलं" हा पुरावा नव्हे.

न सांगता गैरहजर राहिलात तर कलम 134 खाली गुन्हा दाखल होऊ शकतो. त्याचा दंड 500 रुपयांपर्यंतच आहे, म्हणून काही जण तो हसण्यावारी नेतात. पण हा गुन्हा दखलपात्र आहे, आणि शिस्तभंगाची कारवाई त्याहून वेगळी होते. सेवापुस्तकावर त्या 500 रुपयांपेक्षा फार मोठी किंमत मोजावी लागते.

स्वतःचं मत : नमुना 12 की 12अ

आदेशासोबत किंवा पहिल्या प्रशिक्षणात हे नमुने मिळतात. दोन्ही कागद सारखेच दिसतात, पण त्यांची कामं वेगळी आहेत.

तुमचं नाव ज्या मतदारसंघाच्या यादीत आहे त्याच मतदारसंघात ड्युटी असेल तर नमुना 12अ. त्यावर निवडणूक कर्तव्य प्रमाणपत्र, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली 'ईडीसी', मिळते (तिचा नमुना 12ब). ती दाखवून ड्युटीच्याच केंद्रावर यंत्रावर मत देता येतं. ड्युटी मतदारसंघाबाहेर असेल तर नमुना 12 आणि टपाली मतपत्रिका. इथे एक बारकावा आहे. लोकसभेला मतदारसंघ मोठा असतो, त्यात अनेक विधानसभा क्षेत्रं येतात. म्हणून घरचं विधानसभा क्षेत्र सोडून ड्युटी लागली तरी लोकसभा मतदारसंघ तोच असू शकतो आणि ईडीसी चालते. विधानसभा निवडणुकीत मात्र क्षेत्र बदललं की मतदारसंघच बदलतो, त्यामुळे बहुतेकांच्या वाट्याला टपाली मतपत्रिका येते. लोकसभेला ईडीसी मिळाली म्हणून विधानसभेलाही तोच कागद भरणारे दर वेळी दिसतात.

नियमाप्रमाणे नमुना 12 मतदानाच्या किमान सात दिवस आधी आणि नमुना 12अ किमान चार दिवस आधी पोहोचला पाहिजे. ही मुदत कमी करण्याचा अधिकार निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला आहे, पण त्याच्या भरवशावर राहू नये. पहिल्या प्रशिक्षणातच भरून द्या. अर्जात मतदारसंघ, यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लागतो, आणि अर्ज अडतात ते इथेच. मतदार ओळखपत्रावरचा क्रमांक म्हणजे यादीतला अनुक्रमांक नव्हे. आयोगाच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर नाव शोधून भाग आणि अनुक्रमांक त्याच दिवशी पाहून घ्या, कारण पुरवणी यादीत ते बदललेले असू शकतात. सोबत नियुक्ती आदेशाची आणि मतदार ओळखपत्राची प्रत ठेवा. नमुना 12डी नावाचा आणखी एक कागद फिरत असतो. तो 85 वर्षांवरच्या आणि अपंग मतदारांच्या घरून मतदानासाठी आहे, कर्मचाऱ्यांसाठी नाही.

पूर्वी टपाली मतपत्रिका घरी यायची आणि पोस्टाने परत जायची. 2023 मध्ये नियमांत बदल झाला. आता निवडणूक कर्तव्यावरच्या मतदाराने सुविधा केंद्रातच मतपत्रिका घ्यायची, तिथेच मत नोंदवायचं आणि तिथेच परत द्यायचं. हे केंद्र बहुधा प्रशिक्षणाच्या ठिकाणीच असतं. मतपत्रिका आतल्या लहान पाकिटात (13ब), ते पाकीट आणि 13अ हे घोषणापत्र बाहेरच्या मोठ्या पाकिटात (13क). घोषणापत्रावर तुमची सही आणि साक्षांकन दोन्ही हवेत. ते नसेल, किंवा घाईत घोषणापत्रच आतल्या पाकिटात गेलं, तर मतमोजणीच्या दिवशी आतलं पाकीट न उघडताच मत बाद होतं. अधिकारी म्हणून तीन-तीन प्रशिक्षणं घेतलेल्यांची मतं याच चुकीने बाद होतात, हे मला अजूनही पटत नाही, पण होतात.

टपाली मतपत्रिका दिली गेली की यादीत तुमच्या नावापुढे तशी खूण होते. मग ऐनवेळी ड्युटी रद्द झाली तरी गावच्या केंद्रावर मत देता येत नाही.

मानधन

वर्षानुवर्षं गोठलेले दर आयोगाने 2025 मध्ये वाढवले. केंद्राध्यक्ष आणि मतमोजणी पर्यवेक्षक यांना पूर्वी दिवसाला 350 रुपये मिळत, आता 500 रुपये किंवा एकरकमी 2,000. मतदान अधिकाऱ्यांना 250 ऐवजी 400 रुपये किंवा एकरकमी 1,600. मतमोजणी सहायकांना 250 ऐवजी 450 रुपये किंवा एकरकमी 1,350. चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांना 200 ऐवजी 350 रुपये किंवा एकरकमी 1,400. जेवण-अल्पोपाहाराचे दिवसाचे 150 रुपये होते, ते 500 झाले.

एकरकमी आकड्यांकडे नीट पाहिलं तर हिशेब उलगडतो. 500 चोक 2,000, 400 चोक 1,600, 350 चोक 1,400. म्हणजे मतदान पथकाला साधारण चार दिवस धरले आहेत : दोन प्रशिक्षणं, साहित्य वाटपाचा दिवस आणि मतदानाचा दिवस. मतमोजणी सहायकाचे 1,350 म्हणजे 450 चे तीन दिवस. म्हणून प्रशिक्षणाच्या हजेरीपत्रकावरची सही फक्त हजेरीपुरती नसते, पैशाचा हिशेबही त्यावरच बसतो. घाईत सही न करता निघून गेलात तर नंतर भांडायला आधार उरत नाही.

मानधनासाठी वेगळा अर्ज नसतो. तुमच्या कार्यालयाने पाठवलेल्या माहितीतलं नाव, पदनाम, मूळ वेतन, बँक खाते आणि आयएफएससी कोड यांवरूनच देयक तयार होतं. आदेशावर हा तपशील छापलेला असेल तर पासबुकाशी अंक न् अंक ताडून पाहा. बँकांच्या विलीनीकरणानंतर जुना आयएफएससी कोड तसाच राहिल्याने पैसे परत जाण्याचे प्रकार बरेच झाले. चूक दिसली तर पासबुकाच्या पहिल्या पानाची किंवा रद्द केलेल्या धनादेशाची प्रत जोडून प्रशिक्षणातच दुरुस्ती द्या. केंद्राध्यक्षांनी एक जादा काळजी घ्यावी : राखीव पथकातला माणूस ऐनवेळी बदली आला तर त्याचं नाव आणि आदेश क्रमांक नोंदवून ठेवावा, नाहीतर मानधन मूळ माणसाच्या नावाने निघतं. नेमलेला मतदान अधिकारी आलाच नाही तर केंद्राध्यक्ष तिथे हजर असलेल्या दुसऱ्या व्यक्तीला नेमू शकतो (उमेदवाराचं काम करणारा सोडून), पण जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याला कळवावं लागतं.

पैसे आले नाहीत तर आदेश, हजेरीचा पुरावा आणि पासबुकाची प्रत घेऊन त्या विधानसभा मतदारसंघाच्या निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या. आपल्या तालुक्याच्या नव्हे, ज्या मतदारसंघात ड्युटी केली तिथल्या.

काही बरंवाईट झालं तर

ड्युटीवर असताना मृत्यू झाला तर कुटुंबाला किमान 15 लाख रुपये सानुग्रह अनुदान मिळतं. अतिरेकी किंवा समाजकंटकांचा हल्ला, सुरुंग, बॉम्बस्फोट अशा कारणाने मृत्यू झाला तर 30 लाख. हात, पाय किंवा दृष्टी जाण्यासारखं कायमचं अपंगत्व आलं तर साडेसात लाख, आणि हिंसक घटनेत ते आलं तर दुप्पट. ड्युटी सुरू होते ती केंद्रावर पोहोचल्यावर नव्हे. घरातून किंवा कार्यालयातून निघाल्यापासून परत पोहोचेपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरतात, प्रशिक्षणाला जाणं-येणं सुद्धा. हे घरच्यांना सांगून ठेवा आणि आदेशाची एक प्रत घरी ठेवून निघा.

बीएलओंचं वेगळं

मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचं (बीएलओ) काम मतदार यादीचं आणि वर्षभराचं, म्हणून मानधनही वार्षिक. 2015 पासून ते 6,000 रुपये होतं, 2025 मध्ये 12,000 झालं. पर्यवेक्षकांचं 12,000 वरून 18,000, आणि यादीच्या विशेष पुनरीक्षणाचा प्रोत्साहन भत्ता 1,000 वरून 2,000. बीएलओच्या चुकीसाठी लागणारा कायदा मात्र 1951 चा नाही, 1950 चा आहे. यादीच्या कामातल्या कर्तव्यभंगाला त्याच्या कलम 32 खाली किमान तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद आहे. नाव वगळण्याचा अर्ज चौकशी न करता पुढे पाठवताना हे कलम आठवावं.