८३० ग्रॅम डिझेलमधून २.६ किलो वायू कसा?

लक्षद्वीपच्या बेटांवर अजूनही बरीचशी वीज डिझेल जनित्रांवर तयार होते. तिथल्या प्रदूषणाचा विषय निघाला की एक शंका हमखास येते. लिटरभर डिझेलचं वजन जेमतेम ८३० ग्रॅम, मग त्यातून २.६ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो म्हणणारे फेकतच असणार!

फेकत नाहीत. शंका घेणारे हवेला विसरतात, एवढंच. डिझेलमध्ये वजनाने साधारण ८६ टक्के कार्बन, म्हणजे लिटरमागे ७१० ग्रॅमच्या आसपास. जळताना कार्बनचा प्रत्येक अणू हवेतले ऑक्सिजनचे दोन अणू ओढून घेतो. कार्बनचा अणुभार १२, दोन ऑक्सिजनचा मिळून ३२. म्हणजे १२ ग्रॅम कार्बनाचा ४४ ग्रॅम वायू होतो. ७१० ला ४४ ने गुणा, १२ ने भागा, २.६ किलो येतात. जास्तीचं वजन टाकीतून आलेलं नाही, हवेतून आलंय. (दहावीच्या पुस्तकातलं गणित, पण परीक्षेनंतर कोणाला आठवतं!)

आणि धूर काळा म्हणजे कार्बन डायऑक्साइड जास्त, हेही खरं नाही. तो वायू दिसतच नाही. काळी दिसते ती अर्धवट जळालेली काजळी. ती फुप्फुसांना घातक आहेच, पण नवं, स्वच्छ जळणारं जनित्रसुद्धा लिटरमागे तेवढाच वायू सोडतं. फरक पडतो तो एका लिटरमध्ये किती युनिट निघतात याने. साडेतीन निघाले, तर युनिटमागे पाऊण किलो.