नळाच्या पाण्याला वास येतो म्हणजे ते खराब?

पाहुणे आले की बाटल्यांचा खोका मागवायचा, कारण ‘नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो’. मुंबईत वर्षानुवर्षं फिरणारा हा समज चुकीचा आहे. तो वास क्लोरीनचा. भातसा, वैतरणा, तानसा या धरणांचं पाणी पांजरापूर आणि भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रांत तुरटीसारखी रसायनं घालून निवळतात, वाळूच्या थरांतून गाळतात, मग क्लोरीन मिसळतात. तो मुद्दाम थोडा शिल्लक ठेवतात, म्हणजे लांबलचक जलवाहिन्यांतून येताना पाण्यात जंतू वाढत नाहीत. भांडं काही वेळ उघडं ठेवलं की वास बराच कमी होतो.

बाटलीतलं पाणी डोंगरातल्या झऱ्याचं, हेही सहसा खरं नसतं. लेबलवर ‘पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर’ असेल तर ते बहुधा बोअरवेलचं किंवा पालिकेचंच, यंत्रातून गाळलेलं. वर खनिज तेलापासून बनलेलं प्लास्टिक, ट्रकचं डिझेल, आणि पावसाळ्यात नाल्यात अडकलेल्या त्याच बाटल्या.

शंका घ्यायचीच तर सोसायटीच्या टाकीवर घ्या. ती शेवटची कधी धुतली, झाकण नीट बसतं का, हे सेक्रेटरींना विचारा. गढूळ पाणी आलं तर उकळून प्या आणि वॉर्ड ऑफिसात तक्रार नोंदवा.